स्की लिफ्टचा अपघात आणि क्लास ॲक्शन : अमेरिकेत भरपाई मागताना

स्कीइंगवाल्यांना खुर्च्यांवर बसवून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची केबल चाकांवरून सुटते, खुर्च्या खाली येतात, आणि दोन दिवसांत बातमी येते की रिसॉर्टविरुद्ध क्लास ॲक्शन, म्हणजे सामूहिक दावा, दाखल झाली. ज्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे त्यांना हायसं वाटतं. आता नाव नोंदवायचं, फॉर्म भरायचा आणि चेकची वाट बघायची! हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं स्वतःचा मोठा दावा हातचा घालवून बसतात. म्हणून फॉर्मकडे नंतर येऊ. आधी आपण कोणत्या पैशाबद्दल बोलतोय ते पाहू.

पैसे दोन प्रकारचे असतात

मेन राज्यातल्या शुगरलोफ इथे २८ डिसेंबर २०१० रोजी जोरदार वाऱ्यात एका जुन्या लिफ्टची केबल सुटली. काही खुर्च्या बर्फावर आदळल्या आणि आठ जण जखमी झाले. त्याच वेळी शंभराहून जास्त माणसं थंडीत लटकत राहिली आणि त्यांना दोराने एकेक करून खाली उतरवावं लागलं. अपघात एकच, पण नुकसान दोन जातींचं. खाली पडलेल्या आठांपैकी प्रत्येकाची दुखापत वेगळी, दवाखान्याचं बिल वेगळं, बुडालेला पगार वेगळा. वर लटकलेल्यांचं नुकसान मात्र जवळजवळ सारखं : दिवस वाया गेला, तिकीट वाया गेलं, जीव टांगणीला लागला.

क्लास ॲक्शन मुख्यतः दुसऱ्या जातीच्या नुकसानीसाठी असते. एक किंवा दोन प्रतिनिधी वादी सगळ्यांच्या वतीने कोर्टात उभे राहतात आणि निकाल सगळ्यांना लागू होतो. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात त्यासाठी दिवाणी प्रक्रियेचा नियम २३ आहे. तो चार गोष्टी मागतो. माणसं इतकी हवीत की प्रत्येकाला वेगळा वादी करणं अवघड जावं (चाळिसाच्या पुढे गेलं की कोर्टं सहसा ही अट पुरी झाली असं धरतात). सगळ्यांचा प्रश्न समान हवा. प्रतिनिधीचा दावा इतरांच्या दाव्यासारखा हवा. आणि तो प्रतिनिधी व त्याचे वकील बाकीच्यांचं हित नीट सांभाळणारे हवेत. पैशासाठीच्या क्लासमध्ये आणखी एक मोठा अडथळा असतो : समान प्रश्न वैयक्तिक प्रश्नांपेक्षा वरचढ ठरले पाहिजेत.

दुखापतीचे दावे इथेच अडकतात. लिफ्ट का पडली हा प्रश्न सगळ्यांचा एक, पण कोणाचा मणका किती दुखावला आणि त्याला आधीपासून पाठदुखी होती का, हे प्रत्येकाचं वेगळं. १९६६ मध्ये हा नियम सुधारला तेव्हाच नियम बनवणाऱ्या सल्लागार समितीने टिपणीत लिहून ठेवलं की एकाच अपघातात अनेकांना इजा झालेली प्रकरणं सामान्यतः क्लास ॲक्शनला योग्य नसतात. नंतरच्या निकालांनी, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या ॲमकेम निकालाने, ही वाट आणखी अरुंद केली.

याचं सर्वांत कडू उदाहरण ऑस्ट्रियातल्या काप्रूनचं आहे. ११ नोव्हेंबर २००० रोजी तिथे डोंगराच्या बोगद्यातून वर जाणाऱ्या रेल्वेला आग लागली आणि १५५ माणसं गेली. ही खुर्चीची लिफ्ट नव्हती, पण बहुतेक प्रवासी स्कीइंगलाच निघाले होते. ड्रायव्हरच्या केबिनमधल्या हीटरपासून आग सुरू झाली होती. मृतांमध्ये अमेरिकन होते, म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावे आले. २००३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी क्लास मंजूर केला, पण ज्यांना यायचं असेल त्यांनी आपणहून नाव द्यावं या अटीवर. पुढच्याच वर्षी अपील कोर्टाने तो रद्द केला. कारण असं, की या नियमात सदस्य आपोआप आत असतो आणि नको असेल तर बाहेर पडतो. आत येण्यासाठी नाव देण्याची सोय त्यात नाही. शेवटी नातेवाइकांना आणि वाचलेल्यांना मिळून १ कोटी ३९ लाख युरोची तडजोड २००८ मध्ये झाली, आणि तीही ऑस्ट्रियात. मधली आठ वर्षं कशी गेली असतील, याचा विचारच केलेला बरा.

तेव्हा हाड मोडलं असेल तर पहिला फोन स्वतःच्या वकिलाला. क्लास ॲक्शन होईल तेव्हा होईल. एकाच अपघातातले अनेक जखमी एकाच वकिलाकडे जाऊ शकतात, त्यांचे दावे एकाच न्यायाधीशापुढे एकत्र चालू शकतात. पण तिथे प्रत्येकाचा दावा त्याच्या नावावर राहतो आणि भरपाई ज्याच्या त्याच्या दुखापतीप्रमाणे ठरते. वर्तमानपत्रं त्यालाही सरसकट क्लास ॲक्शन म्हणतात, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

पहिला दिवस

यातलं तुमच्या हातात काय आहे, तर पुरावा. तो पहिल्या काही तासांत जितका मिळतो तितका पुढे कधीच मिळत नाही.

दुखणं किरकोळ वाटलं तरी स्की पेट्रोलकडे, म्हणजे उतारावरच्या मदत पथकाकडे, नोंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. थंडीत आणि घाबरलेल्या अवस्थेत मार लगेच जाणवत नाही. तीन दिवसांनी मान धरली आणि कागदावर मात्र 'काही तक्रार नाही' असं असेल, तर समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. लिफ्टचं नाव, खुर्चीचा क्रमांक, जवळच्या टॉवरचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. खुर्चीवर आणि टॉवरवर आकडे रंगवलेले असतात, त्यांचा फोटो काढला तरी पुरे. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसांचे फोन नंबर मागून घ्या. ती माणसं संध्याकाळपर्यंत चार दिशांना पांगलेली असतात.

खिशातला पास फेकू नका. गेटवर तो आपोआप वाचला जातो आणि ती वेळ रिसॉर्टच्या संगणकात राहते. तुम्ही त्या क्षणी त्या लिफ्टवर होता, हे सिद्ध करायला याहून चांगला साक्षीदार नाही. फाटलेलं जॅकेट, वाकलेली स्की, तडकलेलं हेल्मेट धुऊ नका, दुरुस्त करू नका, पिशवीत घालून ठेवा.

मग रिसॉर्टच्या विमा कंपनीचा फोन येतो, आणि तो बहुधा फार गोड असतो. 'फक्त आपली हकिकत रेकॉर्ड करून घेतो' किंवा 'पुढच्या वर्षीचा पास आणि तिकिटाचे पैसे देतो, इथे सही करा'. त्या कागदात सगळे हक्क सोडल्याचं एक वाक्य असू शकतं. नम्रपणे सांगा, वकिलाशी बोलून कळवते, किंवा कळवतो. एवढंच. त्यांना तुमची हकिकत आजच रेकॉर्ड करून देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

वकील नेमला की त्याचं पहिलं पत्र पुरावा जपून ठेवण्याबद्दल असावं : तुटलेले सुटे भाग, देखभालीच्या वह्या, वाऱ्याच्या नोंदी, कॅमेऱ्याचं चित्रण. तुटलेला भाग गेला की पुढची लढाई फक्त तज्ज्ञांच्या तर्कांवर उरते. काही राज्यांत लिफ्टवर देखरेख करणारं सरकारी मंडळ असतं, उदाहरणार्थ कोलोरॅडोचं पॅसेंजर ट्रॅमवे सेफ्टी बोर्ड. अशा मंडळाची चौकशी झाली तर तिचे कागद मागवता येतात आणि ते फार कामाला येतात.

घड्याळ

हा भाग दोनदा वाचा. दावा दाखल करायची मुदत राज्याप्रमाणे बदलते, आणि स्कीइंगसाठी काही राज्यांत वेगळाच, आखूड कायदा आहे. कोलोरॅडोत लिफ्टच्या अपघातासाठी दोन वर्षं आहेत. न्यू हॅम्पशरमध्येही दोन वर्षं, पण त्याआधी एक अट : इजा झाल्यापासून ९० दिवसांत पोचपावतीच्या टपालाने रिसॉर्टला कळवलं पाहिजे. मॅसॅच्युसेट्समध्ये ९० दिवसांची नोटीस आहेच, वर दाव्याची मुदत फक्त एक वर्ष. नव्वद दिवस म्हणजे काय, तर पायाचं प्लास्टर निघून फिजिओथेरपी सुरू होते ना होते तोच संपतात. आणि हो, मुदत अपघाताच्या राज्याची बघायची. तुम्ही राहता कुठे याने तिथे सवलत मिळेल असं धरून चालू नका.

'पण क्लास ॲक्शन दाखल झाली की मुदत थांबते ना?' थांबते, काही वेळा. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये अमेरिकन पाइप प्रकरणात असं ठरवलं की क्लास ॲक्शन दाखल झाल्यापासून तिच्या संभाव्य सदस्यांच्या वैयक्तिक दाव्यांचं घड्याळ थांबलेलं धरायचं. पण तो फेडरल नियम आहे. दुखापतीचे दावे बहुतेक राज्याच्या कायद्याखाली चालतात आणि सगळी राज्यं हा नियम तसाच्या तसा मानत नाहीत. त्याच्या भरवशावर कॅलेंडर बाजूला ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळावर गाडी पकडायला जाणं. तारीख वकिलाकडून लेखी घ्या.

तिकिटावरचा बारीक मजकूर

पास घेताना ऑनलाइन ज्या खुणेवर टिचकी मारली होती तिच्यात 'रिसॉर्टवर दावा करणार नाही' असं लिहिलेलं असतं. ते वाचून बरेच लोक घरीच बसतात. बसू नका. उतारावर पडणं ही स्कीइंगची स्वाभाविक जोखीम मानली जाते, पण लिफ्टचं यंत्र नीट चालवणं हे चालकाचं काम आहे. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लिफ्ट चालवणाऱ्यावर सर्वोच्च दर्जाची काळजी घेण्याची जबाबदारी टाकली. २०२४ मध्ये त्याच न्यायालयापुढे एका सोळा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. ती लिफ्टवरून पडून गंभीर जखमी झाली होती आणि वेव्हरवर, म्हणजे दावा न करण्याच्या अशा कागदावर, वडिलांची सही होती. न्यायालयाने म्हटलं की सर्वसाधारण निष्काळजीपणाचा दावा त्या सहीने बुडतो, पण स्कीइंग आणि लिफ्टच्या सुरक्षा कायद्यांचा भंग झाल्याचा दावा अशा सहीने बुडत नाही. व्हर्माँटने १९९५ मध्ये आणि ऑरेगॉनने २०१४ मध्ये असे वेव्हर नाकारले, जरी ती प्रकरणं लिफ्टची नव्हती. म्हणजे एकाच छापाच्या वाक्याचं वजन डोंगरागणिक बदलतं. तुमच्या डोंगरावर ते किती आहे हे स्थानिक वकीलच सांगू शकतो.

दावा फक्त रिसॉर्टवरच करायचा असतो असंही नाही. लिफ्ट बनवणारी कंपनी, देखभालीचं कंत्राट घेणारी कंपनी, सुटा भाग पुरवणारी कंपनी, सगळे यादीत येऊ शकतात. त्या वेव्हरचा फायदा यांतल्या प्रत्येकाला मिळेलच असं नाही.

क्लास आहे का, आणि त्यात आपण आहोत का

आता सामूहिक दाव्याकडे. दाखल झालेली, मंजूर झालेली आणि तडजोड झालेली क्लास ॲक्शन या तीन वेगळ्या अवस्था आहेत. दाखल होणं म्हणजे फक्त एका वकिलाने कागद दिले. त्या टप्प्यावर तुम्ही काही भरायचं नसतं आणि भरायला काही नसतंही. 'आजच नाव नोंदवा' असं म्हणणाऱ्या बहुतेक जाहिराती म्हणजे वकिलांचा अशील शोधण्याचा उद्योग. त्यात गैर काही नाही, पण तो फॉर्म भरणं म्हणजे दावा मागणं नव्हे.

फेडरल कोर्टातलं प्रकरण पेसर नावाच्या सरकारी यंत्रणेवर बघता येतं, राज्याच्या कोर्टातलं त्या कोर्टाच्या कार्यालयात. तडजोड झाली की कोर्ट एक क्लेम्स ॲडमिनिस्ट्रेटर नेमतं, म्हणजे फॉर्म गोळा करणारी आणि पैसे वाटणारी त्रयस्थ संस्था. दावा भरायला ती फी मागत नाही. कोणी 'प्रोसेसिंग'चे म्हणून आधी पैसे मागितले, तर फोन ठेवा.

क्लासची व्याख्या अक्षर न् अक्षर वाचा. 'अमुक तारखेला अमुक लिफ्टवर असलेले सर्व' आणि 'त्या दिवसाचं तिकीट विकत घेतलेले सर्व' यांत फरक आहे. तिकीट मित्राने काढलं असेल, तर पहिल्या व्याख्येत तुम्ही आहात आणि दुसरीत तो. पुष्कळ व्याख्यांमध्ये शारीरिक इजा झालेल्यांना मुद्दाम वगळलेलं असतं. तुम्हाला इजा झाली असेल, तर ही चांगली बातमी समजा.

नोटीस आल्यावर

पत्राने किंवा ईमेलने येते. ईमेल असेल तर कचऱ्याच्या फोल्डरमध्येही सापडते. तिच्यात चार तारखा शोधा आणि भिंतीवर लिहा : फॉर्म भरायची, बाहेर पडायची, हरकत घ्यायची आणि कोर्टाच्या अंतिम सुनावणीची.

फॉर्म भरला की पैसे घेतलेत आणि हक्क सोडलात. बाहेर पडलात, ज्याला ऑप्ट आउट म्हणतात, तर इथले पैसे नाहीत, पण स्वतःचा दावा जिवंत. हरकत घेतलीत तर आत राहून 'ही तडजोड तोकडी आहे' असं न्यायाधीशांना सांगता. आणि काहीच केलं नाहीत तर बहुधा सर्वांत वाईट : पैसेही नाहीत आणि हक्कही गेले. गप्प बसणारा माणूस इथे आतच धरला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं पान असतं 'रिलीज'चं, कोणते हक्क सोडले ते सांगणारं. ते लांबलचक आणि कंटाळवाणं असतं, तरीही वाचा. 'त्या घटनेतून उद्भवलेले ज्ञात व अज्ञात सर्व दावे' असे शब्द असतील आणि शारीरिक दुखापत स्पष्टपणे वगळलेली नसेल, तर तिकिटाच्या पैशासाठी तुम्ही पायाच्या ऑपरेशनचा दावा देऊन टाकताय. अशा वेळी बाहेर पडा. माझं मत विचाराल तर, ज्याला टाके पडलेत किंवा रात्री दचकून जाग येते, त्याने वकिलाला दाखवल्याशिवाय कोणत्याही सामूहिक फॉर्मवर सही करू नये. बाहेर पडण्याचं पत्र नोटिशीत सांगितलं असेल अगदी तसंच, सही करून, तारखेच्या आत पाठवायचं. पोचपावती जपायची.

फॉर्म भरताना

फॉर्म साधा असतो. नाव, पत्ता, नोटिशीवरचा क्लेम क्रमांक, तारीख, नुकसानीचा तपशील, सही. ती सही शपथेवर असते, खोटं लिहिलं तर गुन्हा. तिकिटाची पावती सापडत नसेल तर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चालतं का ते ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. दवाखान्याच्या नोंदी मागणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे आणि त्या साधारण ३० दिवसांत द्याव्या लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका. बिल मागताना एकूण आकड्याचं नको, बाबवार हवं असं सांगा. पगार बुडाला असेल तर कंपनीकडून किती दिवस आणि किती रक्कम याचं पत्र घ्या.

फॉर्ममध्ये उणीव असेल तर एक पत्र येतं आणि ती दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात. ते पत्र जाहिरातीसारखं दिसतं म्हणून न उघडता फेकलं जातं. पत्ता बदलला तर लगेच कळवा.

पैसे हातात येताना

वेळ लागतो. फेडरल कोर्टातल्या तडजोडीची सूचना सरकारी अधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस अंतिम मंजुरी देता येत नाही. त्यावर अपील झालं तर आणखी वर्ष सहज जातं. क्लासच्या वकिलांची फी न्यायाधीश ठरवतात आणि ती निधीतून जाते; पश्चिमेकडच्या राज्यांच्या फेडरल अपील कोर्टाच्या क्षेत्रात, म्हणजे नवव्या सर्किटमध्ये, २५ टक्के हा त्यासाठीचा मापदंड आहे. स्वतःचा वकील नेमला असेल तर तो बहुधा वसुलीच्या साधारण एक तृतीयांशावर काम करतो. खर्च त्या भागातून जातो की वरून, हे करारात आधीच बघा.

दुखापतीच्या रकमेवर आधी हात ठेवणारे काही जण असतात. उपचाराचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने केला असेल तर तो परत द्यावा लागतो, आणि नोकरीतून मिळणाऱ्या अनेक आरोग्य विमा योजनाही तसं मागतात. वकिलाने या रकमा घासाघीस करून कमी करणं हे त्याच्या कामाचाच भाग आहे, विचारायला संकोच नको. शारीरिक इजेच्या भरपाईवर सर्वसाधारणपणे फेडरल प्राप्तिकर लागत नाही. दंडात्मक रकमेवर आणि व्याजावर लागतो, आणि शारीरिक इजेशिवायच्या निव्वळ मानसिक त्रासाच्या भरपाईवरही बहुधा लागतो. मुलाच्या नावे तडजोड असेल तर बऱ्याच राज्यांत कोर्टाची वेगळी मंजुरी लागते.

आणि चेक आल्यावर तो ड्रॉवरमध्ये टाकू नका. अशा चेकवर मुदत छापलेली असते, बहुधा ९० दिवसांच्या आसपास, आणि ती उलटली की तो कागद होतो. दुसरा चेक मागता येतो, पण मिळेलच असं नाही.